दोन तास आणि एक महिना

सेंट हेलेना ते असेन्शन: १,३०० किलोमीटर, दोन तास. दोन विमानतळांमधलं अंतर मोजून देणारी संकेतस्थळं एवढंच सांगून मोकळी होतात. पृथ्वीच्या गोलावरून जवळात जवळची रेघ काढायची, तिला विमानाच्या वेगाने भागायचं, चढण्या-उतरण्याची मिनिटं मिळवायची. हिशेब चोख. पण दक्षिण अटलांटिकमधल्या या दोन बेटांमध्ये एअरलिंकचं विमान महिन्यातून एकदाच जातं, हे त्या हिशेबात कुठेच नाही. मुंबई-दिल्लीपेक्षा थोडंसंच जास्त अंतर, आणि विमान चुकलं की गाठ थेट पुढच्या महिन्याशी!

सेंट हेलेना आपल्याला ठाऊक आहे ते नेपोलियनमुळे. १८१५ साली इंग्रजांनी त्याला तिथे नेऊन ठेवलं, कारण तिथून पळून जाणं जवळपास अशक्य होतं. त्यानंतर दोनशे वर्षं बेटावरच्या निरपराध माणसांनाही बोटीवाचून बाहेरची वाट नव्हती. केप टाउनपर्यंतचा प्रवासच पाच-सहा दिवसांचा.

मग एक अख्खी दरी भरून काढून धावपट्टी बांधली. खर्च साडेअठ्ठावीस कोटी पौंड. २०१६च्या चाचणीत कड्यांवर आपटून उलटसुलट वाहणाऱ्या वाऱ्याने विमानाला उतरणं अवघड केलं, उद्घाटन लांबलं, आणि ब्रिटिश वर्तमानपत्रांनी जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ म्हणून त्याला हिणवलं. मला या शेऱ्याची चीड येते. ज्यांच्या दाराशी रोज शेकडो विमानं उतरतात त्यांनी साडेचार हजारांच्या वस्तीची गरज पौंडांत मोजावी? १४ ऑक्टोबर २०१७ला पहिलं नियमित विमान उतरलं आणि शेरा खोटा ठरला. तो मागे घेतल्याचं मात्र फारसं कुणी छापलं नाही.

वारा अजून आहेच. म्हणून जोहान्सबर्गहून निघालेलं विमान वाटेत नामिबियात इंधन भरून घेत असे. उतरता आलं नाही तर माघारी फिरण्यापुरतं इंधन टाकीत हवं. जवळची दुसरी धावपट्टी कुठली, तर तीच, १,३०० किलोमीटरवरच्या असेन्शनची.

त्या असेन्शनवर कुणालाही कायमचं राहण्याचा हक्क नाही. नोकरीचा करार संपला की बेट सोडायचं. तिथे राबणाऱ्यांत सेंट हेलेनाची माणसं मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांचे आईवडील, कित्येकांची मुलंही, मागे सेंट हेलेनालाच असतात. २०१७च्या एप्रिलमध्ये असेन्शनची धावपट्टी खराब झाली, ब्रिटिश हवाई दलाची मोठी विमानं थांबली, आणि पुढे कितीतरी वर्षं या लोकांची सगळी भिस्त त्या महिन्याच्या एका फेरीवर राहिली. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप फेरीच्या दुसऱ्या दिवशी आला, तर दोन तासांच्या प्रवासाला महिनाभर थांबायचं. तोवर अंत्यविधीही उरकलेला असतो.

एक फेरी कमी आहे. निदान पंधरवड्याला तरी एक हवी, आणि त्यात येणारी तूट ब्रिटन सरकारने भरावी. असेन्शनवरचा लष्करी तळ त्या सरकारला हवा आहे. मग तो चालता ठेवणाऱ्यांना वेळेवर घरी पोचवण्याचं कामही त्याचंच.