कुणीतरी बघा प्लीज

आमच्या सोसायटीत ११२ फ्लॅट आहेत आणि ‘कुणीतरी’ नावाचे एक गृहस्थ आहेत. ते कुठल्या विंगमध्ये राहतात हे कुणालाच ठाऊक नाही, पण ग्रुपवर रोज त्यांच्या नावाने हाका जातात. जिन्यातला दिवा कुणीतरी बघा. गच्चीचं दार कुणीतरी लावा. गेल्या कार्तिकात एका पहाटे अशीच हाक आली : ‘बी विंगच्या मीटरबॉक्सखाली कुत्रीने सहा पिल्लं घातलीत. सो क्यूट. कुणीतरी बघा प्लीज.’ नऊ वाजेपर्यंत खाली एकेचाळीस बदाम पडले होते. बघायला कुणी गेलं नव्हतं.

कुत्र्यांचं पंचांग आपल्यापेक्षा पक्कं असतं. भाद्रपदात त्यांचं काय चालतं, हे मराठी माणसाने शिव्यांमधून पिढ्यानपिढ्या जपलं आहे. कुत्रीचे दिवस साधारण त्रेसष्ट. म्हणजे भाद्रपदात गणपतीच्या वर्गणीसाठी फिरताना ज्यांनी खाली माना घालून रस्ता बदलला, त्यांना कार्तिकात आश्चर्य वाटायचं काही कारण नव्हतं. तरी प्रत्येकाला वाटलं. ‘अचानक कुठून आली?’ असा प्रश्न ग्रुपवर चार जणांनी विचारला. त्यातले दोघे डॉक्टर आहेत.

माझी चूक एवढीच, की मी दूध आणायला निघाले होते आणि हातात जुनी चादर होती. चादर इस्त्रीवाल्याच्या टेबलासाठी न्यायची होती. मीटरबॉक्सजवळ वाकून ती पिल्लांखाली सरकवली, तेवढ्यात सी विंगच्या वहिनींनी वरून फोटो काढला. ‘आपल्या काकू बघतायत. थँक यू काकू!’ दुपारपर्यंत माझं बारसं झालं होतं. आता सोसायटीतलं कुणीतरी म्हणजे मी.

पहिल्या सूचना आल्या त्या वाहतुकीच्या. पोत्यात घालून मार्केटात सोडू. खाडीपलीकडे सोडू, तिथे मासे असतात. एका वकील मुलाने लिहिलं, की जनावर उपाशी मरेल अशा ठिकाणी टाकून देणं हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. सगळे चपापले. मग कुणी दंड विचारला. पहिल्या खेपेला दहा ते पन्नास रुपये. आकडा अजून १९६० सालातच राहतो. आज त्यात दोन वडापाव येतात. खजिनदारांनी तत्परतेने लिहिलं, ‘मग मेंटेनन्समधून भरून टाकू.’

स्टेशनपलीकडे एक मुलगी आहे, दिवसा बँकेत आणि रात्री जखमी कुत्र्यामांजरांच्या मागे. तिने मला शहाणं केलं. पिल्लं आईपासून सात-आठ आठवडे तोडायची नाहीत, तोवर आईला खाऊ घालायचं. पिल्लांना गाईचं दूध द्यायचं नाही, पोटं बिघडतात. जंताचं औषध, मग लसी, तीन महिन्यांची झाली की रेबीजचं इंजेक्शन. आणि जाहिरातीत ‘गावठी’ लिहायचं नाही.

“मग काय लिहू?”

“इंडी.”

ज्वारीची भाकरी मिलेट झाली तेव्हापासून मी कशालाही तयार असते. ‘इंडी पपीज’ लिहिल्याबरोबर फोन वाढले. एकाने विचारलं, “इंडी म्हणजे अमेरिकेतल्या इंडियानाची का?” मी म्हटलं, मूळचे भाद्रपदातले.

पण त्या पहिल्या दोन दिवसांत जे फोन आले, त्यांत नाव, वय, रंग या सगळ्याच्या आधी एकच प्रश्न असे. “नर आहे का?”

सहांत दोन नर होते, चार माद्या. दोन नरांसाठी चौदा मागण्या आल्या. माद्यांसाठी एकही नाही. का, विचारलं की उत्तर तयार : पुढे पिल्लांचा ताप. मी सांगायचे, सहा महिन्यांची झाली की ऑपरेशन करून घ्या, ताप संपला. “ते बरोबर आहे हो काकू, पण आमच्याकडे आई म्हणते नरच बघा.” घर राखायला नर. नाव चांगलं ठेवता येतं म्हणून नर. एका बाईंनी खालच्या आवाजात सांगितलं, “मादी म्हणजे जबाबदारी असते ना.” गर्भातलं लिंग विचारायला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, टोपलीतलं विचारायला नाही. पहिला नर जे गृहस्थ घेऊन गेले, त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘लेक वाचवा’ असं ठळक लिहिलेलं होतं. त्याच काचेतून पिल्लू मागे बघत गेलं.

हळूहळू तीन माद्यांचंही जमलं. बदामी गेली, पांढऱ्या मोज्यांची गेली, ठिपक्यांची एका रिक्षावाल्याने नेली. त्याने काहीच विचारलं नाही, फक्त रात्री ती काय खाते तेवढं लिहून घेतलं. उरली काळी. तिचा फोटो घेतला की फोटोत दोन डोळे आणि बाकी मीटरबॉक्स. शनिवारी काळ्या कुत्र्याला पोळी घातली की शनीचा कोप उतरतो म्हणतात. तिला शनिवारची पोळी घालायला आमच्याच विंगमधली तीन घरं पुढे आली. रविवार ते शुक्रवार ठेवून घ्यायला एकही नाही.

एकदा संध्याकाळी खाली गेले तर वॉचमन तिला हाक मारत होता. “नकुशे, ये हिकडं.”

मी म्हटलं, “दादा, हे काय नाव?”

“असंच तोंडात आलं ताई. आमच्या थोरल्या आत्याचं नाव आहे.” तो साताऱ्याकडचा. तिथे २०११ साली जिल्हा परिषदेने नकोशी नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींची नावं समारंभाने बदलली होती, पेपरात फोटो आले होते. त्याच्या आत्याचा नंबर लागला नव्हता. ती तोवर साठीची झाली होती.

मी वर येऊन ग्रुपवर लिहिलं, ‘काळीला घर मिळालं. कुणीतरी घेतली.’ पुन्हा बदाम. या खेपेला त्रेपन्न.

घ्यायची म्हटल्यावर बँकेतल्या मुलीने माझ्यापुढेही तोच फॉर्म सरकवला जो मी इतरांना भरायला लावत होते. घर स्वतःचं की भाड्याचं? मालकाची परवानगी? घरातल्या सर्वांची संमती? खिडक्यांना जाळी? गावी गेलात तर कोण बघणार? नातवंडं झाल्यावर काढून टाकणार का? नसबंदी करून घ्याल असं लिहून द्या. आणि रविवारी मी घर बघायला येईन. आमचे हे चष्मा वर करून म्हणाले, “एवढी चौकशी तर तुझ्या बाबांनी माझी केली नव्हती.”

“म्हणूनच तर,” मी म्हटलं. ते परत पेपरात गेले.

सासूबाईंच्या संमतीच्या रकान्यात मी स्वतःच बरोबरची खूण केली होती. त्यांनी ती खोडून शेजारी लिहिलं, ‘देवघरात येणार नसेल तर.’ आता ती देवघरासमोर उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसते, आणि नैवेद्य दाखवून झाला की सासूबाई म्हणतात, “हिला आधी द्या, हिचा डोळा लागतो.” नाव त्यांनीच ठेवलं, कार्तिकी.

दरम्यान दत्तजयंतीला सोसायटीची सभा झाली. विषय एकच, भटकी कुत्री. सभा ऑफिसात, आणि ऑफिसात दत्ताची मोठी तसबीर. तिच्याखाली हार, समोर सुंठवडा, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री. सेक्रेटरी त्या तसबिरीला नमस्कार करून वळले आणि म्हणाले, “या आवारात एकही कुत्रं दिसता कामा नये.” वकील मुलाने तसबिरीकडे बोट दाखवलं. सेक्रेटरी म्हणाले, “ते चार वेद आहेत. कुत्री नव्हेत.” मला तेव्हा नामदेवांची काळजी वाटली. कुत्र्याने पळवलेल्या पोळीमागे तुपाची वाटी घेऊन धावलेला हा माणूस आमच्या आवारात आला असता, तर अनधिकृत ठिकाणी खाणं घातल्याची नोटीस त्याच्या दारावर चिकटली असती. तुपाचे डाग पडले म्हणून लादी धुण्याचा खर्च वेगळा.

सेक्रेटरींचं म्हणणं, सुप्रीम कोर्टानेच सगळी कुत्री उचलायला सांगितली आहेत. त्यांचं वाचन ११ ऑगस्ट २०२५ ला थांबलेलं. तो आदेश दिल्ली परिसराचा होता आणि २२ ऑगस्टला तो बदलला : पकडा, नसबंदी करा, लस द्या, आणि पिसाळलेली किंवा अंगावर येणारी सोडून बाकीची होती तिथेच परत सोडा, खाणं ठरलेल्या जागीच घाला, कुणाला रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं असेल तर महापालिकेकडे अर्ज करा, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. नोव्हेंबरात शाळा, इस्पितळं, स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री मात्र परत सोडू नका, असं कोर्टाने सांगितलं. आमची सोसायटी यातलं काहीच नाही, जरी सभेत कधी कधी तिन्ही वाटते.

मुंबईला हा वाद नवा नाही. १८३२ साली इंग्रज सरकारने भटक्या कुत्र्यांमागे आठ आणे बक्षीस लावलं, तेव्हा पारशी मंडळींनी दंगल केली आणि बाजार बंद पाडला. आमच्या सभेत आठ आण्यांचा ठराव आला असता, तर दंगल जीएसटीवरून झाली असती.

२०२३ च्या नियमांप्रमाणे खाणं घालायची जागा सोसायटीने ठरवून द्यायची असते. जिना, मुख्य दार, मुलांची खेळायची जागा यांपासून लांब. त्या जागेसाठी दोन तास गेले. ए विंगने बी विंगचा कोपरा सुचवला, बीने सीचा, सीने जनरेटरमागचा. भूतदयेला विरोध कुणाचाच नव्हता. फक्त ती दुसऱ्याच्या खिडकीखाली व्हावी.

एक जण मात्र वेगळे बोलले. दुसऱ्या मजल्यावरचे काका. गेल्या वर्षी त्यांना नाक्यावर कुत्रं चावलं होतं, आणि इंजेक्शनांसाठी पहिला दिवस आणि त्यानंतरचे तिसरा, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा असे दिवस त्यांनी कॅलेंडरवर लाल शाईने गोल केले होते. तेव्हापासून कुत्रं दिसलं की ते भिंतीला चिकटून उभे राहतात. त्यांनी सभेत एवढंच विचारलं, “त्या आईची नसबंदी कधी करणार, आणि खर्च किती?” घाबरणाऱ्या माणसाशी माझं कधीच भांडण नव्हतं, माझं भांडण बदाम पाठवणाऱ्यांशी. काकांनी पाकीट दहा फुटांवरून टेबलावर सरकवलं. अख्ख्या सोसायटीतून आलेली ती एकुलती एक वर्गणी.

आईला महापालिकेच्या गाडीने नेलं आणि काही दिवसांनी कानाचा टवका काढून, त्याच मीटरबॉक्सजवळ आणून सोडलं. सेक्रेटरी धावत खाली आले. “परत कशाला आणली?” गाडीवाल्याने शांतपणे सांगितलं, “साहेब, ही नसली की जागा मोकळी. मग पलीकडच्या नाक्यावरची येतील, त्यांचं ऑपरेशन झालेलं नसेल.” सेक्रेटरींना हे लगेच पटलं. पार्किंगचं तत्त्व त्यांना कळतं.

मग एका रविवारी पहिला नर परत आला. ‘लेक वाचवा’वाले स्वतः घेऊन आले, वाडग्यासकट. “चावतो.” दात येत असलेलं चार महिन्यांचं पिल्लू चावणार नाही तर काय पान खाणार? त्यांचा चप्पल-स्टँड दाखवणारा फोटो त्यांनी पुरावा म्हणून आणला होता. “तुम्ही नाही घेतलात तर फार्महाऊसवर सोडू.” हे फार्महाऊस मी फार वर्षं ऐकत आले आहे. ठाणे जिल्ह्यातली सगळी नकोशी झालेली कुत्री तिथे हिरव्या गवतावर बागडत असतात, भरपूर जागा आहे, गडी माणूस आहे, आणि आजवर एकालाही तिथला पत्ता देता आलेला नाही. मी पिल्लू ठेवून घेतलं. ते आता रिक्षावाल्याकडे आहे. त्याच्या ठिपकीला भाऊ पाहिजे होता म्हणे.

आमच्या घरी काही महिने पेपर वाचण्यासाठी येत नसे. कार्तिकीला शिकवण्यासाठी तो न्हाणीघराच्या दारात अंथरायचा. त्यात मला एक शोध लागला. रंगीत पुरवणीचा गुळगुळीत कागद काही शोषत नाही, ओघळ थेट बैठकीपर्यंत येतो. अग्रलेखाचं पान मात्र दुपारपर्यंत टिकतं. माझं सदर पुरवणीत येतं.

कार्तिकीला गोचीडताप आला तेव्हा शेजारच्यांनी हळद सुचवली, कुणी गोमूत्र, आणि एका हितचिंतकाने अर्धी पॅरासिटामॉल. तीच गोळी मांजराला दिली तर मांजर मरतं, कुत्र्यालाही डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायची नसते. सासूबाईंचं एकच पालुपद, परळच्या बैलघोड्यात न्या. त्यांच्या लहानपणी चाळीतला बोका तिथे बरा झाला होता. सर दिनशॉ पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावाने १८८३ साली उभारलेलं ते इस्पितळ. नाव बैलघोडा, आणि रांगेत बैल सोडून सगळे. आम्ही शेवटी जवळच्याच डॉक्टरांकडे गेलो. तिथे बाकावर एक बाई टोपलीत मांजर घेऊन बसल्या होत्या, आणि ते कुणाला तरी द्यायचं म्हणून फोनवर बोलत होत्या. पलीकडून काय विचारलं गेलं ते ऐकू आलं नाही, पण त्या म्हणत होत्या, “नाही हो, भाटी आहे... हो ना, बोका मुतून ठेवतो आणि भाटी पिल्लं घालते, मग काय कासव पाळायचं?”

वैशाखात कार्तिकीचं ऑपरेशन झालं. ती गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं घालून दारात बसली होती, प्रत्येक चौकटीला धडकत. तेवढ्यात बेल वाजली. सी विंगचा सहावीतला मुलगा, हातात बुटाचा खोका, खोक्याला कंपासच्या टोकाने पाडलेली भोकं.

“कुणीतरी काकू इथेच राहतात ना? आईने सांगितलं त्यांना द्या.”

खोक्यात दोन पिल्लं, डोळे नुकते उघडलेले, एकमेकांच्या पोटात डोकं खुपसून. एक करडं, एक कोळशासारखं. कार्तिकीने नरसाळ्यासकट आत डोकावलं. सासूबाई जपमाळ टाकून बाहेर आल्या. आणि त्या सगळ्यांच्या आधी माझ्या तोंडून बाहेर पडलं,

“काळं आहे ते बोका आहे की भाटी?”