उठला तो मतदार, बसला तो प्रतिनिधी

पारा शून्याखाली, संध्याकाळचे सात वाजलेले, आणि शाळेच्या बास्केटबॉल कोर्टावर अख्खा वॉर्ड जाकिटं सांभाळत उभा. आयोवा राज्यात याला कॉकस म्हणतात. १९७२पासून कित्येक वर्षं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची शर्यत इथूनच सुटायची.

डेमोक्रॅटांच्या कॉकसमध्ये गुप्त मतदानाचे लाड नव्हते. ज्याला पाठिंबा, त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. नवरा एका कोपऱ्यात, बायको दुसऱ्या, आणि ज्याचं बर्फ उपसायचं फावडं उसनं आणलंय तो शेजारी तिसऱ्या कोपऱ्यातून टक लावून बघतोय. मग डोकी मोजायची. सर्वसाधारणपणे पंधरा टक्के न भरलेला गट बाद. त्या अनाथांवर बाकीचे तुटून पडत: कुणी आरोग्यविमा समजावतोय, कुणी बिस्किटांचा डबा पुढे करतोय. आपल्याकडे फुटायला आधी आमदार व्हावं लागतं, शिवाय हॉटेल लागतं. तिथे साध्या मतदाराला ही सोय होती, तीही चार पावलं चालून.

प्रतिनिधींची वाटणी बरोबरीत अडकली, तर नाणं उडवायचं. २०१६मध्ये ते उडवलं आणि जग हसलं. २०२०मध्ये आकडे कळवायला नवंकोरं ॲप आणलं, ते बसलं, आणि निकाल दिवसेंदिवस रखडला. नाणं निदान लगेच खाली येतं.

पण ही झाली करमणूक. खरं काम नंतरचं: काउंटीच्या अधिवेशनाला प्रतिनिधी पाठवायचे. तिथून जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय अधिवेशन. म्हणजे आणखी काही शनिवार पक्षाच्या नावाने. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी निवडायची वेळ आली की सगळ्यांना गॅसवरचं दूध आठवतं, तसंच इथेही होतं. राष्ट्राध्यक्ष ठरवायला आलेली जनता हातमोजे शोधू लागते, आणि जो बसून राहतो तो प्रतिनिधी होतो.

ही गंमत २०१२मध्ये एका गोटाला नेमकी कळली. रिपब्लिकनांचा कॉकस. ते चिठ्ठ्या टाकतात, आणि तेव्हा त्या चिठ्ठ्या प्रतिनिधींवर बंधनकारक नव्हत्या. त्या रात्री मिट रॉमनी आठ मतांनी पुढे असल्याचं जाहीर झालं. दोनेक आठवड्यांनी पक्ष म्हणाला, नाही, रिक सँटोरम चौतीस मतांनी पुढे. आणि हो, आठ केंद्रांचे कागद सापडत नाहीत. दोघांच्या समर्थकांनी आळीपाळीने पेढे वाटून घेतले असतील. तिसऱ्या आलेल्या रॉन पॉल यांची माणसं मात्र चिठ्ठी टाकून घरी गेली नाहीत. बसून राहिली. काउंटीतही बसली, राज्यातही बसली. ऑगस्टमध्ये टॅम्पाच्या राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाच्या २८ मतांपैकी २२ रॉन पॉल यांना पडली, सहा रॉमनींना. विजेत्या सँटोरम यांच्या वाट्याला भोपळा.

पक्षाने अर्थातच तातडीने भोक बुजवलं. २०१६पासून प्रतिनिधी निकालाला बांधून टाकले. डेमोक्रॅटांनी २०२४मध्ये कोपरेच मोडीत काढून पसंती टपालाने मागवली.

आमच्याकडे असला धोका मुळातच नाही. पक्षाचे निरीक्षक येतात, सर्वांची मतं जाणून घेतात आणि एका ओळीचा ठराव होतो: निर्णयाचे सर्वाधिकार श्रेष्ठींना. उमेदवारीचा एबी फॉर्म कुणाच्या नावाचा, हे कधीकधी अर्ज भरायच्या शेवटच्या तासाला कळतं. इथे तुम्ही शेवटपर्यंत बसलात काय आणि मध्येच उठलात काय, निरीक्षकांचं विमान केव्हाच उडालेलं असतं.