ओटीटीवरचा सिनेमा ब्राउझरमधून उतरवून घेण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शिका आमच्या साडूंसाठी लिहिली आहे. इतरांनी वाचायला हरकत नाही. साडू निवृत्त आहेत, त्यांच्याकडे दोन गलेलठ्ठ हार्ड डिस्क आहेत, आणि पैसे भरून मिळालेला सिनेमा आपल्या डिस्कवर का येऊ नये, असा त्यांचा सवाल आहे. सवाल रास्त आहे. तो रविवारी सकाळी मलाच फोन करून का विचारायचा, हे मात्र मला कळलेले नाही.

पूर्वतयारी : ब्राउझरमध्ये व्हिडिओ डाउनलोडरचे एक्स्टेंशन टाकावे. त्याखालचे पंचतारांकित अभिप्राय श्रद्धेने वाचावेत.

कृती : सिनेमा सुरू करावा. एक्स्टेंशनच्या चिन्हावर आकडा उमटला की हर्ष व्हावा, पण घरात सांगू नये. बटण दाबल्यावर एकतर काहीच होत नाही, किंवा चार-सहा सेकंदांचा तुकडा हाती लागतो, किंवा अख्खी फाइल उतरते आणि प्लेअरमध्ये नुसते हिरवे-करडे चौकोन नाचतात. तिसऱ्या प्रकारात साडू डाउनलोडरला शिव्या घालतात.

हा अन्याय आहे. डाउनलोडर बिचारा आपले काम चोख करतो. ऑनलाइन व्हिडिओ बहुधा काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो, आवाजाचे तुकडे वेगळे, आणि त्या सगळ्यांची एक यादी असते. ती वाचायची, तुकडे गोळा करायचे आणि जोडायचे, एवढाच त्याचा धंदा. कुलूप नसलेले व्याख्यान तो झकास उतरवतो. इथेही तुकडे मिळतात, पण कुलूपबंद. डबा फडताळात सगळ्यांसमोर, किल्ली आजीच्या कनवटीला. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ही आजी म्हणजे गुगलचे वाइडवाइन, सफारीत अ‍ॅपलचे फेअरप्ले. ओटीटी कंपनीचा परवाना-सर्व्हर किल्ली पाठवतो तीही अशी गुंडाळून, की ती फक्त आजीलाच सोडवता यावी. एक्स्टेंशनला वेब पान दिसते, आजीची कनवट दिसत नाही. दुसरे एक्स्टेंशन टाकून हे बदलत नाही. साडूभाऊ, तिसरे टाकूनही नाही.

ब्राउझरने या कुलूपवाल्यांशी कसे बोलायचे याचे मानक डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 2017 मध्ये मंजूर केले. निषेध म्हणून, डिजिटल हक्कांसाठी झगडणारे अमेरिकेतले इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन डब्ल्यूथ्रीसीतून बाहेर पडले. हे ऐकल्यापासून अमेरिकेत आपलेही कुणी आहे, असे साडूंना वाटते.

पर्यायी कृती : स्क्रीन रेकॉर्ड करावी. पुष्कळ ठिकाणी काळा पडदा मिळतो.

दुसरी पर्यायी कृती : कंपनीच्याच अ‍ॅपमधले डाउनलोडचे बटण दाबावे. हे चालते! फक्त ती फाइलही कुलपातलीच असते, आणि किल्लीला मुदत असते. साडूंनी ती फाइल पेन ड्राइव्हवर नेली. तिथे ती सुखरूप आहे. उघडत नाही.

कायदेशीर इशारा : हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम 65अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. हे कलम 2012 च्या दुरुस्तीने आले. साडूंना ते वाचून दाखवले. ‘मी कुठे विकतोय?’ म्हणाले.

आणि खरे सांगायचे तर माझाही राग इथे ओसरतो. कुलपाचा मुख्य जाच पैसे भरणाऱ्यालाच आहे. ब्राउझरमधले कुलूप कच्चे, म्हणून चांगल्या टीव्हीवर जे चित्र मिळते ते लॅपटॉपवर अनेकदा मिळत नाही, पैसे तेवढेच. शिवाय हक्कांचा करार संपला की सिनेमा गुपचूप यादीतून जातो, आणि त्याची डीव्हीडी दुकानात मिळेलच असे नाही. जुना मराठी सिनेमा जपून ठेवावा असे कुणाला वाटले, तर त्याला कायदेशीर वाट कुणी दाखवत नाही. साडूंची खोड हास्यास्पद आहे, भीती नाही.

तूर्त एवढेच करावे : आवडता सिनेमा यादीत आहे तोवर बघून घ्यावा. साडूंनी अजून तो बघितलेला नाही. आधी उतरवायचाय म्हणतात.