छौ

माझ्या मागे दोन एडिटर लागले आहेत. एक दिवाळी अंकाचा, तो लेख मागतो. दुसरा लॅपटॉपमधला, तो लेख लिहू देत नाही. पहिल्याचा परवा फोन आला. "लेख मिळाला. बरा आहे. पण तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी 'छौ' म्हणतंय ते कोण?"

हे नीट सांगायचं तर नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करावी लागेल. कोडमध्ये एक बदल केला होता, तो गिटमध्ये कमिट करायचा होता. कमांड दिली आणि समोर काळा पडदा आला. डाव्या कडेला टिल्डांची उभी रांग, बाकी सामसूम. हाच तो दुसरा एडिटर, व्हिम. मी टाइप करू लागलो तर अक्षरं उमटेनात. उलट डी दोनदा दाबला गेला आणि होती ती ओळही गेली. एस्केप झालं, कंट्रोल-सी झालं, घरची देवीही आठवून झाली. शेवटी लॅपटॉपचं बटण दाबून धरलं. शेजारचा सिनियर स्वतःच्या स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला, "कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. सगळ्यांचं होतं."

सगळ्यांचं म्हणजे अक्षरशः. स्टॅक ओव्हरफ्लोवर 'व्हिममधून बाहेर कसं पडायचं' असा एक प्रश्न आहे. २०१७ साली तो पाहून गेलेल्यांचा आकडा दहा लाखांवर गेला. गंमत म्हणजे व्हिम नुसताच उघडला, तर बाहेर पडायची खूण पहिल्याच पानावर छापलेली असते. तिथंच युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा असं आवाहनही असतं. व्हिमचे कर्ते ब्रॅम मूलेनार यांनी ते घातलं. पण फाइलसकट उघडला की ते पान येत नाही. म्हणजे ज्याला गरज नाही त्याला वाट दाखवायची, आणि अडलेल्याला टिल्डा.

सिनियरने मग मला रीतसर गंडा बांधला. पहिला नियम, बाणांच्या कळांना हात लावायचा नाही. कर्सर हलवायचा तो एच, जे, के, एलने. का, तर १९७६च्या सुमारास बिल जॉयने बर्कलीत व्हिमचा पूर्वज व्हीआय लिहिला तेव्हा त्याच्यापुढे एडीएम-३ए नावाचा टर्मिनल होता. त्याला बाणांच्या वेगळ्या कळाच नव्हत्या, बाण छापले होते याच चार अक्षरांवर. टर्मिनल गेला, बाण राहिले. श्राद्धाला टोपलीखाली मांजर झाकायची पद्धत कशी पडली ती गोष्ट आठवते ना? तसंच. पण एकदा हाताला वळण पडलं की खरंच वेग येतो, हे कबूल करतो. दोन अवतरणचिन्हांमधला मजकूर तीन कळांत बदलला जाताना पाहिला, त्या दिवशी मी जेवायला उशिरा गेलो.

मधे इमॅक्सही करून पाहिला. हे दुसरं घराणं, जन्म त्याच साली, एमआयटीतला. त्यात पत्रं वाचता येतात, टेट्रिस खेळता येतो, आणि एक डॉक्टरही आहे. आपण मनातलं दुःख सांगायचं, तो उलट प्रश्न विचारतो. आमची आत्या हेच करते, शिवाय चहा देते. कंट्रोल दाबून दाबून माझी करंगळी बधिर झाली तेव्हा मी परत फिरलो. व्हिमच्या खुणा इमॅक्समध्ये चालवणारी एक जोडणी आहे, तिचं नाव 'ईव्हिल'. दोन्ही घरचे संबंध किती गोड आहेत ते यावरून समजावं.

दोन वर्षांत माझी व्हिमची सेटिंगची फाइल तीन ओळींवरून चारशेवर गेली. एक अख्खा शनिवार फक्त पिवळा रंग किती पिवळा असावा यात गेला. तेवढ्या काळात आईने, जी निवृत्त शिक्षिका आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवत वाड्याच्या आठवणी लिहून पूर्ण केल्या. फॉन्ट कोणता वापरलास, असं मी तिला विचारलं. "मराठी," ती म्हणाली.

मराठीवरच माझंही घोडं अडलं. व्हिममध्ये मजकूर लिहायचा मोड वेगळा आणि हुकूम द्यायचा वेगळा. हुकूम इंग्रजी कळांचे, मजकूर इनस्क्रिप्टचा, म्हणजे मराठी कीबोर्डचा. दर वेळी आधी एस्केप, मग कीबोर्ड बदलायचा, मग हुकूम. त्यात टर्मिनलमध्ये वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. रात्री दीड वाजता लेख संपवला, सेव्ह केला, पुन्हा एकदा तिसरा परिच्छेद नीट केला, आणि झोपेत कोलन-क्यू दाबलं. एस्केप राहिलं, कीबोर्ड मराठीच राहिला. इनस्क्रिप्टमध्ये कोलनच्या कळेवर छ असतो आणि क्यूवर औकार.

मी ते पाहिलंच नाही. मग एस्केप दाबून, कीबोर्ड बदलून सवयीने सेव्ह केलं आणि लेख तसाच पाठवून दिला.

दिवाळी अंकाच्या एडिटरना हे सगळं फोनवर सांगायला वीस मिनिटं लागली. ते शांतपणे म्हणाले, "मग ते काढू का?"

या अंकातही कुठे 'छौ' राहिला असेल, तर वाचकहो, मुद्रितशोधकाला बोल लावू नका. मी बाहेर पडायचा प्रयत्न करत होतो.