कोपऱ्यावरच्या बंगल्याचे मालक, यांस

नमस्कार. ‘सप्रेम’ लिहायला हात उठेना, तेव्हा नुसत्या नमस्कारावर भागवून घ्या.

तुमच्या अंगणात औषधालाही पान सापडत नाही, याचा तुम्हाला केवढा अभिमान! आल्यागेल्याला तुम्ही ते दाखवता. ती पानं गेली कुठं, हे मात्र सांगत नाही. मी सांगते. ती आमच्या छातीत गेली.

माघ सरला की पहाटे साडेपाचला तुमच्या फाटकाबाहेर खराटा फिरू लागतो. बदामाची तळहाताएवढी लाल पानं, रेन ट्रीची बारीक पानं, सोनमोहराचा भुगा, सगळं भिंतीशी लोटलं जातं आणि सहाच्या आत काडी ओढली जाते. दवानं ओलसर झालेला पाला धड पेटत नाही, नुसता धुमसतो. हवा पुरेशी मिळत नाही, म्हणून जाळ कमी आणि धूर फार. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, डोळ्यांना न दिसणारे, फुफ्फुसात खोल जाऊन बसणारे कण असतात. त्या वेळी जमिनीलगतची हवा गार असते, त्यामुळे धूर वर चढत नाही, गल्लीतच घोटाळत राहतो. आमच्या तळमजल्यावरच्या काकू ऐंशीच्या घरात आहेत, दमेकरी आहेत. गेल्या शुक्रवारी त्या खिडकीच्या फटीत ओल्या फडक्याचे बोळे कोंबत होत्या. एका हातात बोळा, दुसऱ्या हातात पंप. बोलवत नव्हतं. तुमच्या भिंतीकडे त्यांनी फक्त बोट केलं.

विझलेला ढीग मी त्याच दिवशी काठीनं उसकटून पाहिला. वर राख, खाली अर्धामुर्धा जळका पाला आणि त्यात वितळून चिकटलेली दुधाची पिशवी, गुटख्याच्या पुड्या, रोपवाटिकेतल्या रोपाची काळी पिशवी. रेन ट्रीचं खोड कमरेइतक्या उंचीपर्यंत काळं पडलंय. अंगठ्यानं दाबलं तर साल सुटून हातात येते. ज्या झाडाच्या सावलीत तुमची गाडी दुपारभर उभी असते, त्याच्याच बुडाशी तुम्ही जाळ करता. याला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

फाटकाशी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “पालाच तर आहे! आणि राखही खतच असते.” राखेत पालाश असतं, चुना असतो, कबूल. पण पाल्यातला बहुतेक नत्र आणि कर्ब धुरावाटे निघून जातो, आणि मातीला खरी गरज त्यांचीच असते. चुना तर आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत आधीच भरपूर आहे. झाडानं वर्षभर खालून ओढून घेतलेलं ते शिशिरात परत जमिनीला देतं. तुम्ही ते मधल्यामधे जाळता. आणि जून उजाडला की तुमच्याच दारात टेम्पो लागतो. गांडूळखताची पोती उतरतात, कोकोपीटच्या विटा उतरतात. मार्चमध्ये जाळलेलं जूनमध्ये पैसे मोजून विकत आणता, आणि हिशेबाला पक्का माणूस म्हणून मिरवता!

आमच्या इमारतीत आम्ही काय केलं, ते ऐका. मागच्या भिंतीशी छातीएवढ्या उंचीचा जाळीचा गोल पिंजरा उभा केला. तळाशी काटक्या टाकल्या, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर पाला तुडवून भरला. बदामाची आणि आंब्याची पानं चिवट, ती आधी पायांखाली चुरायची. सोनमोहराला काहीच करावं लागत नाही. थरावर थोडं शेणाचं पाणी, आंबट ताक शिंपडायचं. हिरवळ कापली की ते गवत एकट्यानं साठवायचं नाही, नाहीतर त्याचा चिकट, घाण वासाचा लगदा होतो. तीन घमेली सुका पाला, एक घमेलं ओलं गवत असं मिसळायचं. ओल राखायची आणि अधूनमधून खालवर करायचं, बस्. ढीग आतून इतका तापतो की पहिल्यांदा हात घातला तेव्हा मी दचकून मागे घेतला होता. पावसाळा संपता संपता काठोकाठ भरलेला पिंजरा गुडघ्यापर्यंत बसला होता. खालून काढलं ते काळं, भुसभुशीत, आणि वास वळवाच्या पहिल्या सरीचा. काकूंनी मूठभर ओंजळीत घेतलं आणि किती तरी वेळ खाली ठेवलं नाही.

यात आमचं डोकं काही नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, हेच खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांना शिकवलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतींना भोकं ठेवलेला विटांचा हौद. त्यात पालापाचोळा, थोडं शेण, माती आणि पाणी. तीन-चार महिन्यांत खत तयार. थोडक्या शेणात भरपूर खत, ही त्यातली खरी गंमत. तुमच्या बंगल्यामागे याहून मोठी जागा मोडक्या फर्निचरनं अडवलेली आहे. आणि हौदही नको असेल, तर आपल्याच पुण्यात ‘ब्राउन लीफ’ नावाचा उपक्रम आहे. ज्यांच्याकडे पाला जास्त झालाय आणि ज्यांना तो बागेसाठी हवाय, त्यांची हा उपक्रम गाठ घालून देतो. तुम्ही ज्याला कचरा म्हणता, त्याची पोती न्यायला लोक गाडी काढून येतात.

कायद्याचं म्हणाल, तर २०१६च्या घनकचरा नियमांनीच बागेतला कचरा आपल्या आवारात वेगळा ठेवायला सांगितलं आणि रस्त्यावर कचरा जाळायला मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड ठरवून दिला. मी अजून तक्रार केलेली नाही, कारण दंड काडी ओढणाऱ्या तुमच्या माळीकाकांच्या गळ्यात मारून तुम्ही मोकळे व्हाल, याची मला खात्री आहे.

होय, माळीकाका. “त्यांनाच सवय आहे जाळायची,” असं तुम्ही त्यांच्यादेखत म्हणालात. ते खाली मान घालून उभे राहिले. नंतर मी त्यांना विचारलं. त्यांच्या गावी पाचोळा गोठ्यात जनावरांखाली अंथरतात, मग तो उकिरड्यात मुरतो आणि तिथून शेतात जातो. “मालकांना सातच्या आत फाटक चकाचक लागतं, ताई. पोती मागितली तर म्हणतात, काडी स्वस्त पडते.” हे बोलताना त्यांना तीनदा खोकल्याची उबळ आली. आमच्यापर्यंत धूर पोहोचतो, ते तर त्यात उभेच असतात. त्यांना सगळं ठाऊक आहे. विचारायचं तुम्हाला कधी सुचलं नाही.

उद्या पहाटे साडेपाचला मी चार रिकामी पोती घेऊन तुमच्या फाटकाशी येते. पाला माळीकाका आणि मी भरू, आणि आमच्या पिंजऱ्यात टाकू. तुम्ही फक्त त्यांच्या खिशातली काडेपेटी मागून घ्या आणि देवघरात नेऊन ठेवा.

समोरच्या इमारतीतली,
दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण