‘नॉन-अटेंडिंग’ बी.एड. विकणाऱ्या संस्थाचालकास



‘यायची गरज नाही, हजेरीचं आणि फायलींचं आम्ही बघतो.’ प्रवेशाच्या वेळी तुम्ही दिलेला हा शब्द तंतोतंत पाळलात. तुमची एक विद्यार्थिनी आता आमच्या आटपाडी तालुक्यातल्या शाळेत माझी सहकारी आहे. दोन वर्षांत ती तुमच्याकडे आली ती फी भरायला आणि परीक्षेला.

तिच्या सहावीच्या वर्गातला प्रसंग सांगतो. एका मुलाने फळ्यावर लिहिलं : एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. बाईंनी फुली मारली, बरोबर उत्तर लिहिलं आणि पुढचं गणित घेतलं. मुलगा फळ्याकडे बघत राहिला. ‘अर्ध्यात आणखी काही घातलं, तर उत्तर अर्ध्याहून कमी कसं येईल?’ एवढं विचारलं असतं, तर चूक त्याची त्यालाच सापडली असती. हा प्रश्न पुस्तकात नसतो. सराव पाठ घेताना मागच्या बाकावर बसलेले प्राध्यापक टाचणाच्या वहीत शेरा मारतात, ‘चूक का झाली ते मुलाला विचारा’, तेव्हा तो सुचायला लागतो. तिची वही तुमच्याकडून तयार होऊन आली. शेरेही तुमचेच, न झालेल्या पाठांवर.

तिला मी दोष देत नाही. घरी दोन एकर डाळिंब, त्यावर तेल्या रोग. नोकरी करत पदवी मिळेल असं तुम्ही सांगितलंत, वर त्याचे जादा पैसे घेतलेत.

बी.एड. दोन वर्षांचं का झालं, हे तुम्हाला ठाऊक असणारच. महाराष्ट्रातल्याच २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातून न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. २०१२ साली त्याचा अहवाल आला. मग राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४च्या नियमावलीत अभ्यासक्रम दुप्पट केला : शाळेत प्रत्यक्ष कामाचे वीस आठवडे, वर्गात ८० टक्के हजेरी, शालेय आंतरवासितेला ९० टक्के. वाढवलेलं ते वर्षही तुम्ही विकायला काढलंत. त्या वीस आठवड्यांचे दाखले देणारे मुख्याध्यापकही तुम्हाला मिळतात, याची मला जास्त लाज वाटते. ते आमच्यातलेच आहेत.

आणि हे कुठल्या मुलांच्या वाट्याला येतं? इथे दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरातली पोरं चार-पाच महिने शाळेबाहेर असतात. मेंढरांमागे जाणारी वेगळीच. परत येतात तेव्हा मधला भाग कोरा असतो, आणि तो नेमका कुठून कोरा आहे हे शोधणं हेच मास्तरचं खरं काम. पुण्यातल्या मुलाला शिकवणी लावता येते. आमच्या मुलाला शाळेतली बाई हीच एक. याच तालुक्यातल्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’ लिहिली. त्यातला मास्तर धनगरांच्या वाडीत एकटा असतो. पोरं शाळेत आणण्यापासून त्याची सुरुवात होते. त्या कादंबरीला सत्तर वर्षं झाली. वाडी-वस्तीवरची पोरं आता आपल्या पायांनी शाळेत येतात. त्यांच्यासमोर उभं राहणारं माणूस तुम्ही कच्चं पाठवता.

आमच्या बाई आता शाळा सुटल्यावर थांबतात. मी मागच्या बाकावर बसतो, त्या अपूर्णांक शिकवतात, मग आम्ही बोलतो. जीव लावून शिकतात. हे काम तुमचं होतं आणि त्याचे पैसे तुम्ही घेतलेत. ते परत करा.

यंदा बी.एड.ची सीईटी देणाऱ्या मुलामुलींनो, प्रवेश घेताना एकच विचारा : सराव पाठ कुठल्या शाळेत, आणि निरीक्षणाला कोण बसतं? ‘त्याची काळजी करू नका’ असं उत्तर आलं, तर फी न भरता उठून या.

आटपाडी तालुक्यातला एक शिक्षक