झोपखात्याचा मंत्री

हा गृहस्थ ओळखायला सोपा. लिफ्टमध्ये गाठून "बाळ कसं आहे?" विचारा. "गोड आहे," असं तो म्हणणार नाही. "काल १५ तास २० मिनिटं, पण सलग फक्त दोन तास," असं म्हणून मोबाइल पुढे करेल. त्यात रंगीत पट्ट्या असतात. झोप निळी, दूध पिवळं, शी तपकिरी. रंगांशी त्याने प्रतारणा केलेली नाही.

नवजात बाळ दिवसाकाठी १४ ते १७ तास झोपतं, हे त्याने वाचलंय आणि ते खरंही आहे. फक्त बाळ ते दोन-तीन तासांच्या हप्त्यांनी देतं. याला एकरकमी हवेत. "दिवस-रात्रीचं घड्याळ बाळाच्या डोक्यात बसायलाच दोन-तीन महिने लागतात," असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं, तर याचा प्रश्न, "लवकर नाही का बसवता येणार?"

रात्रीचे अडीच. पाळण्यात बाळाचे डोळे मिटलेले, पापण्यांखाली बुबुळं फिरताहेत, ओठ चोखल्यासारखे हलताहेत. मध्येच कुंथतं, मध्येच खुदकन हसतं. "उठलं!" म्हणून हा ताडकन उठतो, बाळाला उचलतो आणि मग ते खरोखरच उठतं. तान्ह्या बाळाची निम्मी झोप असल्या चुळबुळीचीच असते. बाळंतपणाला आलेल्या सासूबाई पलीकडच्या खोलीतून ओरडतात, "सटवाई हसवतेय त्याला, हात लावू नका!" सटवाईला ॲपमध्ये रकाना नाही.

सासूबाईंचंही सगळंच बरोबर असतं असं नाही. डोक्याला आकार यावा म्हणून त्यांनी मोहरीची उशी शिवून आणली होती, शिवाय दुपट्यांची चळत. ते सगळं याने पाळण्यातून बाहेर काढलं. बाळ उताणं, सपाट गादीवर, आसपास मऊ काही नको. इथे मी पूर्णपणे मंत्रिमहोदयांच्या बाजूने आहे.

पण एवढ्यावर थांबेल तर तो मंत्री कसला! कडी वाजली की बाळ दोन्ही हात फेकून दचकतं. कुठलंही तान्हं बाळ दचकतं. हा 'भित्रा स्वभाव?' अशी नोंद करतो. दीड महिन्याच्या सुमाराला बाळ तोंडाकडे बघून हसतं, तेव्हा हा वेळ टिपण्यासाठी खाली मान घालून बसलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाने मान धरली म्हणे, म्हणून आता याचं तोंड उतरलंय. मान धरायला तीन-चार महिने लागतात, आणि ते बाळ याच्या बाळाहून दोन महिन्यांनी मोठं आहे.

या सगळ्यात बायको कुठे असते? भिंतीला टेकून, बसल्या बसल्या पेंगत. तिच्या झोपेची पट्टी तक्त्यात नाही.

तुमच्याही घरात असा मंत्री असेल, तर रात्री मोबाइल काढून घ्या, ढेकर काढायला बाळ त्याच्या खांद्यावर द्या आणि त्या माउलीला निदान दोन-अडीच तास सलग झोपू द्या.